पायथ्याची उदबत्ती

माझ्या डोळ्यांदेखत वैजूनं शेपूची पातळ भाजी चहाच्या गाळणीत ओतली. खालच्या वाटीत हिरवट पाणी जमलं. गाळणीत राहिलेला पाला, मुगाची डाळ, लसणाच्या पाकळ्या हे सगळं तिनं ठोकून कचऱ्याच्या डब्यात पाडलं. मी नुकतीच गडहिंग्लजहून एसटीनं सांगलीला पोचले होते. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

वैजू माझी भावजय, धाकट्या भावाची बायको; माझ्या आईला ती आत्ती म्हणायची. ती दचकली, मग पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "आत्तींचं ताट करतेय, आक्का. त्यांना गाळूनच द्यावं लागतं."

"भाजी गाळून?"

"भाजी गाळून, वरण गाळून, भात मिक्सरमधनं काढून. भाकरी तर बंदच आहे."

"कुणी बंद केली?"

तिनं उत्तर दिलं नाही. ताट उचललं आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. उत्तर देत नाही त्या अर्थी हिनंच बंद केली असणार, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आजारी माणसाला चोथा असलेलं काही दिलं नाही की पोटात काही जमत नाही, आणि पोटात जमलं नाही की उपसायला लागत नाही. बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी असं करतात हे मी ऐकून होते. माझ्या आईच्या बाबतीत ते होईल असं वाटलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमची आई कवठेमहांकाळकडची. चार इयत्ता शिकलेली, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारी नाही. तिनं आम्हां दोघा भावंडांना शाळूच्या भाकरीवर वाढवलं आणि पीठ कधी बारीक चाळणीनं चाळू दिलं नाही. गवारीच्या शिरा आम्ही दातांत धरून ओढायचो आणि ताटाच्या कडेला मांडायचो, तर ती त्या बोटानं परत ताटाच्या मध्यावर सारायची. "खावा गुमान. पोट झाडून निघतंय त्यानं," असं म्हणायची. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि आठवीच्या वर्गाला 'तंतुमय पदार्थ' सांगायची वेळ आली, तेव्हा मला हसू आलं होतं. धान्याचा कोंडा, भाज्यांचे देठ, शेंगांच्या शिरा यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तोच आतड्यात पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो आणि पुढं ढकलतो, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. हे सगळं आईनं मला ताटाशी बसवून आधीच शिकवलं होतं. आणि आता त्याच बाईच्या वाटीत गाळलेलं पाणी होतं.

मी हॉलमध्ये आले आणि उदबत्तीच्या वासानं मला ठसकाच लागला. दिगूचा, म्हणजे माझ्या भावाचा, हॉल मोठा. त्याचं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान जोरात चालायचं, त्यामुळं जमिनीवर तोंड दिसेल अशा फरश्या, आणि घरात तीन संडास, एकाहून एक भारी. हॉलच्या एका भिंतीला संगमरवरी देवघर, त्यात दत्ताची मूर्ती. त्याच्या बरोबर समोर, दहा पावलांवर, भाड्यानं आणलेला चाकांचा पलंग आणि त्या पलंगावर आई. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, त्याला दोन महिने होत आले होते. मधल्या काळात मी एकदा येऊन गेले तेव्हा ती वॉकर धरून उभी राहत होती. आता हाडाला कातडं चिकटलेलं आणि पोट मात्र टम्म फुगलेलं. पलंगाच्या पायथ्याशी स्टीलच्या घरात आणखी एक उदबत्ती जळत होती.

"आलीस व्हय?" आई म्हणाली. "शाळा न्हाई?"

"रजा काढलीय. पोट का गं असं?"

"काय न्हाई. वारा धरलाय."

दिगू दुकानातून आला तो कपाळाला अष्टगंध लावूनच. मला बघून त्याला मनापासून आनंद झाला. "बघितलीस ना आईची जागा? डोळे उघडले की समोर दत्तमहाराज. येणारा-जाणारा पाया पडतो. दर गुरुवारी आरतीला येणारी मंडळातली माणसं म्हणतात, असं म्हातारपण नशिबात लागतं." त्यानं मला मोबाइलमधला फोटो दाखवला. पुढं आरतीची माणसं, मागं देव आणि कोपऱ्यात पलंगावर हात जोडलेली आई. तो फोटो त्यानं सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. मलाही आला होता, आणि खरं सांगायचं तर बघून मला बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर मगदूम आले. आईच्या पोटावर बोटं दाबत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आतड्यात मळ दगडासारखा बसलाय," ते म्हणाले. "इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"मी रोज दोन चमचे इसबगोल देतोय की, डॉक्टर," दिगू म्हणाला. "स्वतःच्या हातानं."

"त्यावर पाणी किती पितात?"

दिगूनं वैजूकडं बघितलं. "दोन घोट," वैजू म्हणाली. "जास्त पीतच नाहीत. पेला तसाच परत येतो."

"मग झालं. इसबगोल म्हणजेसुद्धा चोथाच. त्याला पाणी मिळालं नाही तर तो आत घट्ट बसणार." त्यांनी पिशवीतून एनिमाचं साहित्य काढायला घेतलं, तशी आईनं त्यांचं मनगट धरलं. "न्हाई," ती म्हणाली. "हितं न्हाई. मारलंसा तरी चालंल." तिच्या अंगात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी गोड पातळ औषधाची बाटली लिहून दिली आणि दारापाशी आम्हां भावंडांना थांबवलं.

"शुक्रवारपर्यंत मोकळं झालं तर ठीक. नाहीतर दवाखान्यात हलवू. आतडं अडलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मला यांना परत भूल द्यायची नाहीये. मागच्या वेळी हृदयानं कशीबशी साथ दिली. आणि एक ऐका, औषधानं एकदा सुटेल. पण भाजी, भाकरी आणि पाणी पोटात गेल्याशिवाय हे पुनःपुन्हा होणार, आणि दर वेळी सुटेलच असं नाही."

दिगूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच देवासमोर जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि वैजूला धारेवर धरलं. नाही नाही ते बोलले. काम टाळायला तू म्हातारीला उपाशी मारतेस, इथपर्यंत बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं.

"तुम्ही वर्षातनं दोनदा येणार आणि मला सुनावणार. गाळून दे, हे आत्तीच म्हणाल्या. मी भाकरी दुधात कुस्करून दिली तर चोथा काढून उशाशी लपवतात. सकाळी चादर झाडताना सापडतो मला. मी काय करू? नरडं दाबून घालू? घशात अडकतं म्हणतात, दात बसत नाहीत म्हणतात. दातांच्या डॉक्टरांना घरी आणून दाखवलं. ते म्हणाले, कवळी एकदम फिट आहे."

तिचं एकही उत्तर मला खोडता आलं नाही, त्यामुळं माझा राग आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळीच मी शाळूच्या पिठाची, न चाळता, पातळ भाकरी केली. शेपू देठांसकट शिजवला, मऊ केला, आणि ताट घेऊन आईच्या पलंगावर बसले. तिनं शेपूच्या वासानं डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"खा की गं."

"दात बसंनात. राहू दे."

तेवढ्यात दिगूची पूजा आटोपली. त्यानं पायथ्याची उदबत्ती लावली, आईच्या तळहातावर प्रसाद ठेवला, तिच्या पायांवर डोकं टेकवलं आणि दुकानात गेला. वैजू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. घरात आम्ही दोघीच. आणि माझ्या कानाशी कटाकटा आवाज यायला लागला. आई खडीसाखर फोडत होती.

"आई," मी म्हटलं, "दात बसत नाहीत ना?"

"न्हाईत."

"मग खडीसाखर कशानं फोडतेस?"

आवाज थांबला. चोरी पकडल्यावर वर्गातली मुलं बघतात तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मला तिचा भयंकर राग आला. सगळं घर हिच्यामागं वेडं झालंय, मी भावजयीला वाटेल ते बोलले, डॉक्टर मरणाची भाषा करून गेले, आणि ही बाई नाटक करतेय. मी शाळेतल्या बाईंच्या सुरात सुरू झाले. "पोटात दगड बसलाय तुझ्या. कळतंय का? चोथा पोटात गेल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. आतड्याला काहीतरी पुढं ढकलायला लागतं. गाळलेल्या पाण्यानं नुसतं..."

"मला शिकवतीस व्हय?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम जुना, ताटाशी बसवून गवार खायला लावतानाचा होता. "चोथ्यानं पोट साफ हुतंय हे तुला कुणी शिकवलं गं? म्हणून तर सोडला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. पोटात घातलंच न्हाई तर भायेर काय येईल?" तिनं चादरीचं टोक मुठीत धरलं. "गेल्या म्हैन्यात, गुरुवारीच. आरती चाललीवती. मला आवरलं न्हाई. वैजू बिचारी भांडं घिऊन आली, चादर आडवी धरली तिनं. पर माणसं हितं बसलीवती की. एवढ्या जवळ. देव म्होरं. अन् वास आला. यायचाच. कुणी तोंडानं काय बोललं न्हाई. नुसत्या टाळ्या जोरात वाजवाय लागली."

"मग?"

"मग दिगू उठला. मला वाटलं, माज्याकडं येतोय. तर उदबत्त्या लावल्या त्यानं. एक देवापुढं लावली. अन् एक हितं आणून ठेवली, माज्या पायथ्याला." तिनं हनुवटीनं पायथा दाखवला. "तवापास्नं रोज लावतोय."

मी पायथ्याकडं बघितलं. स्टीलच्या घराखाली राखेची लहानशी वळी पडली होती, आणि काडी अर्धी जळून गेली होती.

ही बाई आमचं गू-मूत काढत आली. आमचे वडील अर्धांगवायूनं पडून होते तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत देवाचा कोनाडा, त्याच खोलीत दिगूचा अभ्यास आणि माझा. वडिलांचं सगळं आई करायची. खिडकी उघडायची, पाणी आणायची, वडिलांशी पिकापाण्याचं काहीतरी बोलत राहायची, म्हणजे त्यांना लाज वाटू नये. त्या खोलीत वास आला म्हणून तिनं कधी उदबत्ती लावली नाही. माझ्या भावाला ते आठवायला हवं होतं. तोही त्याच खोलीत वाढला होता.

"मी सांगते त्याला," मी उठत म्हटलं. "आत्ता दुकानात जाऊन सांगते."

"खबरदार." तिनं माझा पदर धरला. "दिगूला सांगू नको. त्याला वाईट वाटंल."

"वाटायलाच पाहिजे!"

"माजी शपथ हाय तुला."

मी शपथा मानत नाही, वर्गात तसं सांगतेही. पण ती पदर सोडेना. शेवटी मी म्हटलं, "नाही सांगत. पण मग तू माझं ऐकायचं. जेवायचं, औषध घ्यायचं, पेला भरून पाणी प्यायचं. आणि मी इथं असेपर्यंत तुला या हॉलमध्ये भांड्यावर बसावं लागणार नाही. हा माझा शब्द."

"कसं करशील?"

"ते मी बघते."

आईनं माझा पदर सोडला. मग तिनं ताट जवळ ओढलं. चतकोर भाकरी आणि देठांसकट शेपू, चावून चावून, एवढ्या हावऱ्यासारखा खाल्ला की मला बघवेना. वर पेलाभर पाणी प्यायली, औषध प्यायली, दुपारी पुन्हा पाणी प्यायली.

दिगू दुपारी उपासाच्या फराळाला आला तेव्हा मी सरळ विषय काढला. मागं पाहुण्यांची खोली आहे, तिला लागून संडास आहे, तिथं आईला हलवू. वॉकर धरून चार पावलं ती सहज जाईल.

"मागच्या खोलीत?" त्याचा घास हातात राहिला. "लोक काय म्हणतील? आईला मागं टाकली म्हणतील."

"लोक तिचं पोट साफ करायला येणार आहेत का?"

"तू असं का बोलतेस, आक्का? तिला देव दिसतोय, माणसं दिसतायत. मागं नुसती भिंत बघत पडायचं?"

"बरं. मग इथं पडदा लावू."

"हॉलमध्ये पडदा? दवाखाना करायचाय का घराचा?" तो दुखावला होता. "ऑपरेशनपासनं सगळं मी करतोय. ती बरी व्हावी म्हणून गुरुवारचा उपास करतोय. आज आरतीला सगळे तिच्यासाठी जप करणार आहेत. आणि तू आल्या आल्या तिला देवापासनं तोडायला निघालीस."

त्यानं आईकडं वळून विचारलं, "तुला इथंच बरं वाटतंय ना गं, आई?"

"व्हय की," आई म्हणाली. "बरं हाय हितं."

मी दात-ओठ खात उठले. दिगू वाईट माणूस नव्हता. आईवर त्याचा जीव होता, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्यामुळंच मला जास्त चीड येत होती. वाईट असता तर चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला की पलंग हलवायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पण औषध आणि भाकरी शुक्रवारपर्यंत थांबणार नव्हती.

संध्याकाळी हॉल भरला. चटया पसरल्या, झांजा निघाल्या. बायका आईच्या पाया पडून, पलंगाच्या कडेनं बसल्या. "किती प्रसन्न दिसताय, आजी," असं एकजण म्हणाली. आरती सुरू झाली. मी आईच्या उशाशी उभी होते. दुसरी आरती लागली आणि आईच्या हातानं माझं मनगट पकडलं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ गच्च मिटले होते.

"आलंय?" मी कानाशी विचारलं.

तिनं डोळ्यांनीच हो म्हटलं. मग पुटपुटली, "धरते मी. आरती हू दे."

किती दिवसांनी तिचं आतडं हललं होतं, आणि ती ते दाबून धरणार होती. माणसांत वास नको म्हणून, देवासमोर अपमान नको म्हणून, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. मी दिगूकडं गेले. त्याच्या हातात कापराचं ताट होतं.

"आईला जायचंय. आत्ता."

"दोन मिनिटं," तो पुटपुटला. "मंत्रपुष्पांजली तेवढी होऊ दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बंद करा!" मी ओरडले. वर्गात चाळीस पोरांवर ओरडायची सवय असलेला आवाज तो. झांजा थांबल्या. "माझ्या आईला संडासला जायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय, आज-उद्यात झालं नाही तर ती जगायची नाही. तुमचा जप चाललाय तो एवढ्यासाठीच. सरका, वाट द्या."

कुणी हललं नाही. मंडळी दिगूकडं बघत होती आणि दिगू कापराच्या ताटाकडं. मी पलंगाच्या चाकांचे खटके पायानं वर केले आणि ढकलायला लागले. एकटीच्यानं पलंग वळेना. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात घातला. वैजू होती. डोक्यावरचा आरतीचा पदर तिनं काढून कमरेला खोचला होता.

"डावीकडं घ्या, आक्का," ती म्हणाली. "दारात अडकंल."

माणसांनी पाय ओढून घेतले, कुणी चटया गुंडाळल्या, एका काकांनी झांजा पोटाशी धरल्या. दिगूच्या गुळगुळीत फरशीवरून पलंग सरसर निघाला. आईनं तोंडावर चादर ओढून घेतली होती. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक धक्का बसला तेव्हा ती चादरीखालून म्हणाली, "जरा दमानं की गं." पायथ्याची उदबत्ती त्या गडबडीत कधीच कलंडली होती.

मी एका बाजूनं धरलं, वैजूनं दुसऱ्या बाजूनं, मध्ये वॉकर. चार पावलं ती चालली. आम्ही तिला कमोडवर बसवली. दिगूनं परदेशी म्हणून कौतुकानं बसवलेला तो कमोड. तिनं दोन्ही हातांनी भिंतीतला दांडा पकडला आणि आमच्याकडं बघितलं.

"आता दार लावा की," ती म्हणाली. "किती दिसानं दार मिळालंय."

आम्ही दार लावून बाहेर उभ्या राहिलो. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं, मध्येच एखादी शिवी. हॉलमध्ये कुणीतरी हळू आवाजात आरती पुन्हा सुरू केली होती. वैजू माझ्याकडं बघत नव्हती. मी म्हटलं, "तू आधी का नाही हलवलंस तिला?"

"माझ्या म्हणण्यानं या घरात काय हलतं?" ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात, म्हणून मला हात लावता आला."

बऱ्याच वेळानं आतून हाक आली. आई घामानं भिजली होती, चेहरा पांढराफटक, पण कपाळावरची आठी गेली होती. तिला धुऊन, पुसून पलंगावर आडवी केली, तर म्हणाली, "भाकरी उरलीय का गं सकाळची?"

त्यानंतर आई मागच्याच खोलीत राहिली. खिडकीतून तिला शेजारच्या बंगल्यातला शेवगा दिसायचा. ती वॉकर सोडून काठीवर आली. न चाळलेल्या पिठाची भाकरी खायची, गवारीच्या शिरा आता कवळीनं ओढायची, पेला पेला पाणी प्यायची. दिगू तिच्यापाशी रोज बसायचा, पण नातेवाइकांत सांगायचा, की आक्कानं आईला देवापासनं तोडली. मी ते ऐकून घेतलं. आईला शब्द दिला होता.

ती आणखी सात वर्षं जगली आणि एका सकाळी झोपेतच गेली. चौदाव्या दिवशी घरातले पाहुणे पांगले, तेव्हा दिगूनं तिचा फोटो हॉलमध्ये लावला, पूर्वी पलंग होता तिथल्या भिंतीवर. खाली टेबल, हार, आणि तेच स्टीलचं घर. त्यानं उदबत्ती पेटवली, फोटोभोवती ओवाळली आणि खोचून ठेवली. मग डोळे पुसत माझ्याकडं वळला.

"आईला फार आवडायची गं," तो म्हणाला. "इथं होती तेव्हा मी रोज लावायचो, पायथ्याशी. तू तिला मागं नेलीस आणि ते राहूनच गेलं."

वैजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

मी टेबलापाशी गेले, उदबत्तीचं टोक चिमटीत धरलं आणि विझवलं. बोट चांगलंच भाजलं.

"अगं आक्का! काय करतेस हे?"

"बस," मी म्हटलं. "तुला एक गोष्ट सांगायचीय."

दिगूला सांगू नको, त्याला वाईट वाटंल, असं आई म्हणाली होती. तिची शपथ मी ती असेपर्यंत पाळली होती. आता वाटू दे त्याला वाईट, असं मनाशी म्हणत मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.